अठरा नंबरचा सदरा

लोकप्रियता आणि योग्यता ह्या दोघी बहिणी आहेत खऱ्या. परंतु त्यांचें एकमेकींकडे जाणेंयेणें फार थोडें. एकीच्या घरीं कार्य निघालें म्हणजे दुसरी मांडवांत दिसेलच असा भरंवसा नाहीं. दिसलीच तर ती पुष्कळदां मांडवाच्या मागच्या बाजूला, चुलाण्यापाशीं, धुरानें डोळे चोळीत उभी असते. साहित्यांत, संगीतांत आणि राजकारणांत हा प्रकार आपण इतक्या वेळां पाहिला आहे कीं, त्याबद्दल तक्रार करण्याचेंहि आतां कोणाला सुचत नाहीं. कवीची थोरवी मोजायला गज नाहीं, गवयाची तोलायला तराजू नाहीं. तेव्हां तेथें चार माणसांची चूक चाळीस माणसांनीं गिरवावी, हें समजण्यासारखें आहे. पण खेळाची गोष्ट निराळी असावी अशी आपली अपेक्षा असते. तेथें गोल मोजतां येतात, सामने मोजतां येतात, जिंकलेले चषक मोजतां येतात. जेथें इतकें मोजमाप आहे, तेथें तरी ज्याचें माप त्याच्या पदरांत पडावें! परंतु फुटबॉलच्या मैदानाकडे थोडें लक्ष देऊन पाहिलें तर दिसून येतें कीं, मोजपट्टी हातांत असतांनाहि माणसें डोळ्यांनींच मोजतात. आणि डोळे नेहमीं उजेडाकडे जातात.

ह्या विचाराला माझ्या मनांत निमित्त झालें तें पॉल स्कोल्स ह्या इंग्रज खेळाडूचें. सॅलफर्ड येथें नोव्हेंबर १९७४ मध्यें जन्मलेला हा ठेंगणा, तांबूस केसांचा, दम्याचा विकार असलेला मनुष्य मॅंचेस्टर युनायटेड ह्या एकाच संघाकडून १९९४ पासून २०१३ पर्यंत खेळला. मध्यें २०११ सालीं त्यानें निवृत्ति घेतली होती; पण आठ महिने होतात न होतात तोंच, जानेवारी १९१२ नव्हे, चांगल्या २०१२ सालच्या जानेवारींत, म्हणजे सदतिसाव्या वर्षीं, त्याला परत बोलवावें लागलें, यावरूनच त्याच्या जागेची किंमत कळावी. एकूण ७१८ सामने, १५५ गोल, लीगचीं ११ विजेतेपदें, एफ. ए. चषक ३ वेळां, आणि युरोपांतील चॅंपियन्स लीग १९९९ आणि २००८ अशी दोनदां. इंग्लंडकडून ६६ सामने आणि १४ गोल. हा सगळा हिशेब एखाद्या वकिलापुढें ठेवला तर तो म्हणेल कीं, खटला चालविण्याची गरजच नाहीं.

पण लोकप्रियतेच्या न्यायालयांत हा खटला कधीं उभाच राहिला नाहीं. स्कोल्सचे समकालीन म्हणजे तिघे: त्याच्याच संघांतला, त्याच्याहून साडेपांच महिन्यांनीं धाकटा डेव्हिड बेकहॅम, लिव्हरपूलचा स्टीव्हन जेरार्ड, आणि चेल्सीचा फ्रॅंक लॅंपार्ड. चौघेहि मधल्या फळींतले. चौघेहि एकाच देशाचे. १९९९ सालच्या बॅलन डी'ओर ह्या बहुमानांत बेकहॅम दुसरा आला. २००५ सालीं लॅंपार्ड दुसरा आणि जेरार्ड तिसरा आला. स्कोल्सला पहिल्या तिघांत जागा कधींच मिळाली नाहीं. इंग्लंडांत दरवर्षीं व्यवसायी खेळाडू एकदां आणि क्रीडालेखक एकदां वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडतात. लेखकांनीं २००५ मध्यें लॅंपार्डला निवडलें, खेळाडूंनीं २००६ मध्यें जेरार्डला निवडलें. स्कोल्सचे दोघे सोबती, रॉय कीन आणि रायन गिग्ज, ह्यांच्याहि घरीं तो बहुमान गेला. स्कोल्सच्या दारावरून तो प्रत्येक वेळीं पुढें गेला. पुढें २०२१ मध्यें प्रीमियर लीगनें आपल्या थोर खेळाडूंचें एक मानपीठ उभारलें. पहिल्या वर्षीं त्यांत बेकहॅम, जेरार्ड, लॅंपार्ड आणि कीन हे चौघेहि जाऊन बसले. त्या निवडींत लोकांच्या मतालाहि वाटा होता. स्कोल्स आंत गेला तो २०२२ सालीं, दुसऱ्या पंगतीला.

दुसऱ्या पंगतीला बसणें हा कांहीं अपमान नव्हे. अन्न तेंच असतें, वाढणारे तेच असतात. पण पहिल्या पंगतीला कोणाला बसवावें हें ठरवितांना यजमानाच्या मनांत काय होतें, तें मात्र जिज्ञासेनें पाहण्यासारखें असतें. विशेषतः स्वयंपाकांतले जाणते जर हात वर करून दुसऱ्याच माणसाकडे बोट दाखवीत असतील तर! बार्सिलोनाचा झावी हा स्वतः मधल्या फळींतला आपल्या काळचा मोठा कारागीर. त्यानें २०११ सालीं सांगितलें कीं, गेल्या पंधरा-वीस वर्षांत मधल्या फळींत सर्वांत परिपूर्ण असा जो खेळाडू आपण पाहिला तो स्कोल्स. जाणत्यांचा कौल असा आणि जमावाचा कौल तसा, असें कां व्हावें?

माझा पुतण्या फुटबॉलचा मोठा शौकी आहे. त्याच्याशीं ह्या विषयावर एकदां वाद झाला. तो म्हणाला, "काका, तुमचा स्कोल्स चांगला असेल हो, पण त्यानें केलें काय तें दाखवा!" आणि हातांतल्या फोनवर त्यानें मला भराभर चित्रें दाखविलीं. २००५ सालच्या मे महिन्यांत इस्तंबूल येथें लिव्हरपूल तीन गोलांनीं मागें पडलेलें असतांना जेरार्डनें डोक्यानें मारलेला पहिला गोल, आणि मग हात उंचावून प्रेक्षकांना दिलेली ती हाक. २००१ सालच्या ऑक्टोबरांत ग्रीसविरुद्ध शेवटच्या घटकेला बेकहॅमनें मारलेली ती फ्री किक, जिनें इंग्लंडला विश्वचषकाच्या दारांत नेऊन उभें केलें. चेल्सीसाठीं लॅंपार्डनें केलेल्या २११ गोलांपैकीं निवडक पांच-दहा. मधल्या फळींत खेळून आपल्या क्लबच्या इतिहासांत सर्वांत अधिक गोल करणें ही सामान्य गोष्ट नव्हे, हें मीं तत्काळ कबूल केलें.

मग माझी पाळी आली. मीं त्याला २००० सालच्या मार्चमधला ब्रॅडफर्डविरुद्धचा गोल दाखविला. बेकहॅमनें कॉर्नरवरून चेंडू गर्दींत न टाकतां सरळ पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर एकट्या उभ्या असलेल्या स्कोल्सकडे पाठविला आहे, आणि स्कोल्सनें तो जमिनीला लागूं न देतां तसाच जाळ्यांत धाडला आहे. मग २००८ च्या एप्रिलमधला बार्सिलोनाविरुद्धचा. चौदाव्या मिनिटाला केलेला तो एकच गोल दोन सामन्यांच्या उपांत्य फेरीला पुरून उरला आणि युनायटेड मॉस्कोच्या अंतिम सामन्याला गेली. पुतण्या खूष झाला. "हें आहे कीं!" म्हणाला. पण मी मात्र खूष झालों नाहीं. कारण माझ्या ध्यानांत आलें कीं, मी ज्या नाण्यांत स्कोल्सची किंमत मोजून दाखवीत होतों, तें नाणें जेरार्ड-लॅंपार्डच्या टांकसाळेंतलें होतें. स्कोल्सची खरी संपत्ति त्या नाण्यांत नव्हतीच. ती दाखविण्यासाठीं गोलाच्या आधींचीं वीस सेकंदें दाखवावीं लागतात, आणि तीं फोनवरच्या त्या तुकड्यांतून कापून टाकलेलीं असतात.

त्या वीस सेकंदांत काय होतें? चेंडू अजून दुसऱ्याच्या पायापाशीं असतो. स्कोल्स मैदानाच्या मध्यावर, थोडा मागें, पाहणाऱ्याला रिकामटेकडा वाटेल असा उभा असतो. तो एकदां डाव्या खांद्यावरून मागें पाहतो, एकदां उजव्या खांद्यावरून पाहतो. पेठेंतून चालणारा सावध मनुष्य रस्ता ओलांडतांना जसें पाहतो तसें. चेंडू त्याच्याकडे येतो तेव्हां आपण तो कोठें धाडणार हें त्यानें आधींच ठरविलेलें असतें. त्यामुळें चेंडूला पायाचा पहिला स्पर्श होतो तो त्याला थांबविण्यासाठीं नव्हे, तर वळविण्यासाठीं. प्रतिपक्षाचा गडी धांवून येतो तोंवर चेंडू चाळीस यार्डांवर, पलीकडच्या कडेला, धांवणाऱ्या सोबत्याच्या पुढें दोन पावलांवर जाऊन पडलेला असतो. सोबत्याला थांबावें लागत नाहीं, मागें वळावें लागत नाहीं, मानहि वांकवावी लागत नाहीं. तो तसाच पुढें जातो, चेंडू मध्यें टाकतो, कोणी तरी डोकें लावतें, आणि सत्तर हजार माणसें उठून उभीं राहतात. ज्यानें डोकें लावलें त्याचें नांव गोल करणारा म्हणून नोंदतात. ज्यानें चेंडू मध्यें टाकला त्याचें नांव साहाय्य करणारा म्हणून नोंदतात. त्याच्या आधीं ज्यानें सगळें घडवून आणलें, त्याच्यासाठीं वहींत रकानाच नसतो.

आपल्याकडे गाण्याच्या बैठकींत हा प्रकार नित्य घडतो. गवई तान घेतो, ती फिरत फिरत समेवर येऊन पडते, आणि श्रोते 'वाहवा' म्हणतात. ती सम जेथल्या तेथें राखून ठेवणारा तबलजी त्या वेळीं समोर पाहत असतो. त्याच्या ठेक्याला टाळी पडत नाहीं. पण त्याचा ठेका ढळला असता तर गवयाच्या तानेला उतरायला जागाच राहिली नसती. श्रोत्यांना ठेका ऐकूं येत नाहीं असें नाहीं. तो इतका सारखा, इतका बिनचूक ऐकूं येतो कीं, त्याच्याकडे लक्ष देण्याची गरज उरत नाहीं. बिनचूकपणाला हा एक शापच आहे. चूक एकदांच झाली तरी दिसते. बरोबर असणें हजार वेळां घडलें कीं दिसेनासें होतें.

शिवाय लोकांना केवळ कर्तृत्व नको असतें, त्यांना कथा हवी असते. आणि कथा म्हटली कीं तिच्यांत पतन हवें, परीक्षा हवी, पुनरुत्थान हवें. बेकहॅमच्या आयुष्यांत हें सगळें जणूं एखाद्या नाटककारानें बेतून ठेवलेलें होतें. १९९८ च्या विश्वचषकांत अर्जेंटिनाविरुद्ध रागाच्या भरांत त्यानें पाय उचलला, पंचानें त्याला मैदानाबाहेर काढलें, इंग्लंड हरलें, आणि त्याच्याच देशांतील लोकांनीं त्याचा पुतळा टांगला. त्याच माणसानें तीन वर्षांनीं ग्रीसविरुद्ध ती फ्री किक मारली आणि तो देशाचा कंठमणि झाला. १९९९ मध्यें त्यानें एका प्रसिद्ध गायिकेशीं लग्न केलें. त्याच्या केसांची ठेवण बदलली तर वर्तमानपत्रांत बातमी येऊं लागली. २००२ सालीं गुरिंदर चढ्ढा ह्या बाईंनीं लंडनमधल्या एका पंजाबी घरांतल्या फुटबॉलवेड्या मुलीवर चित्रपट काढला, तेव्हां त्याच्या नांवांतच बेकहॅम आला. ज्या घरांत फुटबॉल कोणाला ठाऊक नव्हता त्या घरांतहि तें नांव पोंचलें. २०२५ मध्यें त्याला नाइट ही पदवी मिळाली, तेव्हां ती कोणाला मिळाली हें कोणालाच समजावून सांगावें लागलें नाहीं. जेरार्डचीहि कथा आहे. जन्मभर ज्याच्यासाठीं झिजला त्या लिव्हरपूलला त्यानें युरोपचा मुकुट मिळवून दिला. पण लीगचें विजेतेपद एकदांहि मिळालें नाहीं, आणि २०१४ च्या एप्रिलमध्यें तें हाताशीं आलेलें असतांना चेल्सीविरुद्ध त्याचाच पाय घसरला. विजयाइतकीच शोकांतिका माणसाला लोकांच्या काळजाशीं नेऊन बसविते.

स्कोल्सला कथा नाहीं. तो सरावाला जाई, खेळे, आणि घरीं जाई. मुलाखती तो टाळीत असे. त्याच्या आयुष्यांत लेखकाला हातीं धरण्यासारखा प्रसंग शोधायला गेलें तर एक सांपडतो, आणि तोहि गैरहजेरीचा. ता. २६ मे १९९९ रोजीं बार्सिलोनाच्या मैदानावर युनायटेडनें बायर्न म्युनिकला हरविलें, तो सामना फुटबॉलच्या इतिहासांत अमर झाला. नव्वद मिनिटें संपलीं तेव्हां युनायटेड एका गोलानें मागें होती. वाढीव वेळांत बेकहॅमनें दोन कॉर्नर घेतले, आणि त्या दोहोंतून दोन गोल झाले. त्या रात्रीं स्कोल्स आणि कीन हे दोघेहि साध्या कपड्यांत बाहेर बसले होते. ट्यूरिनच्या उपांत्य सामन्यांत त्यांना पिवळें पत्रक मिळालें होतें, आणि नियमाप्रमाणें त्यांना अंतिम सामना बंद झाला होता. लोकांच्या स्मरणांत जी रात्र सोन्यानें कोरली गेली आहे, त्या रात्रींच्या चित्रांत स्कोल्स नाहीं.

येथें त्याच्या बाजूनें बोलतांना एक गोष्ट लपवून चालणार नाहीं. ती शिक्षा त्याच्यावर कोणी अन्यायानें लादलेली नव्हती. प्रतिपक्षाच्या पायांतून चेंडू काढून घेण्याची कला त्याला कधींच साधली नाहीं. ज्या पायानें चाळीस यार्डांवरची टोपी उडवावी, तोच पाय दीड यार्डावरच्या चेंडूला चुकून माणसाला लागावा, हें एक आश्चर्यच होतें. त्या अंतिम सामन्यानंतर दहाच दिवसांनीं स्वीडनविरुद्ध त्याला मैदानाबाहेर काढण्यांत आलें. वेंब्लीच्या जुन्या मैदानावर इंग्लंडकडून खेळतांना अशी नामुष्की ओढवलेला तो पहिलाच खेळाडू. तेव्हां हा कोणी निष्कलंक साधु होता आणि जग आंधळें होतें, असें चित्र रंगवूं नये. त्याचे समकालीन हेहि पोकळ नांवाचे धनी नव्हते. ग्रीसविरुद्धच्या त्या सामन्यांत बेकहॅम मैदानाच्या चारी कोपऱ्यांत धांवत होता. फ्री किक हा केवळ शेवटचा घांस होता. लोकप्रियता ही खोटी साक्ष देते असें माझें म्हणणें नाहीं. ती अर्धी साक्ष देते, आणि उरलेली अर्धी कोणी विचारीत नाहीं.

पण ह्या अर्ध्या साक्षीवर कोणी घर बांधूं लागलें म्हणजे मग प्रश्न नुसत्या कौतुकाचा राहत नाहीं. इंग्लंडनें २००४ सालीं तसें घर बांधलें. त्या वर्षीं पोर्तुगालमध्यें युरोपीय अजिंक्यपदाच्या सामन्यांना स्व्हेन-गोरान एरिक्सन ह्या शिक्षकानें संघ नेला, तेव्हां त्याच्या मधल्या फळींत चौघेहि एकाच वेळीं उभे राहिले. बेकहॅम उजवीकडे, तो कप्तान. जेरार्ड आणि लॅंपार्ड मधोमध, ते उगवते तारे. उरलेली जागा डावीकडची. ती स्कोल्सला मिळाली. ज्याचें सगळें सामर्थ्य मधोमध उभें राहून चारी दिशा न्याहाळण्यांत होतें, त्याला एका कडेला नेऊन ठेवलें, म्हणजे त्याच्या अर्ध्या दिशा रेषेबाहेर गेल्या. दीपस्तंभ उचलून घराच्या ओसरीवर ठेवावा तसें तें झालें. क्रोएशियाविरुद्ध त्यानें एक गोल केला, तो इंग्लंडसाठीं तीन वर्षांतला त्याचा पहिलाच. पुढच्या सामन्यांत यजमान पोर्तुगालनें पेनल्टींवर इंग्लंडला घरीं पाठविलें. ऑगस्ट महिन्यांत स्कोल्सनें इंग्लंडकडून खेळणें सोडलें. तेव्हां त्याचें वय अवघें एकोणतीस होतें.

घरच्या माणसांना वेळ देतां यावा म्हणून आपण हें करीत आहों, असें त्यानें सांगितलें. आणि त्याच्या शब्दावर अविश्वास दाखविण्याचें मला कारण दिसत नाहीं. डावीकडच्या जागेमुळें तो रुसून गेला, अशी कथा त्याच्या चाहत्यांनीं रचली आहे. ती त्याच्यापेक्षां त्यांच्या स्वभावाशीं अधिक जुळते. परंतु तो कां गेला हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी त्याला तेथें कां ठेवलें हा प्रश्न उरतोच. चार मोठीं नांवें एकत्र केलीं कीं मोठा संघ होतो, ही समजूत त्या मांडणीच्या मुळाशीं होती. संघ म्हणजे नांवांची बेरीज नव्हे. तो एक गुणाकार असतो, आणि त्यांतला एक आंकडा चुकीच्या जागीं पडून शून्याजवळ गेला, तर सगळें उत्तर खालीं येतें. स्कोल्स गेल्यावर जेरार्ड आणि लॅंपार्ड पुष्कळ वर्षें जोडीनें खेळले. दोघेहि आपापल्या क्लबांत सिंह. पण इंग्लंडच्या सदऱ्यांत एकमेकांच्या वाटेंत येणारे. २००६ च्या विश्वचषकांत पुन्हा पोर्तुगाल, पुन्हा पेनल्टी, आणि ह्या खेपेस त्या दोघांच्याहि पेनल्टी वांयां गेल्या. २००७ च्या नोव्हेंबरांत क्रोएशियानें वेंब्लीवर ३-२ असें हरविलें आणि पुढच्या वर्षीं युरोपीय स्पर्धेंत इंग्लंडला प्रवेशच मिळाला नाहीं. २०१० च्या विश्वचषकापूर्वीं फाबियो कापेलो ह्या शिक्षकानें पस्तिशीच्या स्कोल्सला परत येण्याविषयीं विचारलें. त्यानें नाहीं म्हटलें. सहा वर्षांपूर्वीं ज्याला कडेला ठेवलें होतें, त्याच्याच दाराशीं देशाला जावें लागलें, एवढें मात्र खरें.

आतां दुसऱ्या बाजूचेंहि थोडें बोललें पाहिजे. कारण ढोंग एकाच पक्षाकडे असतें असें नाहीं. स्कोल्सची उपेक्षा झाली, हें वाक्य गेल्या दहा-पंधरा वर्षांत इतकें लोकप्रिय झालें आहे कीं, तें न म्हणणारा मनुष्य आतां विरळा. चहाच्या टेबलावर कोणी जेरार्डचें नांव काढलें कीं, दुसरा किंचित् स्मित करून स्कोल्सचें नांव घेतो. आणि त्या स्मितांत स्कोल्सच्या स्तुतीपेक्षां स्वतःच्या रसिकतेची जाहिरात अधिक असते. जमाव ज्याला टाळ्या देतो त्याला आपण टाळी न देणें, हा शहाणपणाचा स्वस्त मार्ग आहे. संगीतांतहि असे श्रोते असतात. सगळी बैठक गवयाला दाद देत असतांना ते मुद्दाम तबलजीकडे पाहून मान डोलावतात, आणि आपण मान डोलावलेली शेजाऱ्यानें पाहिली कीं नाहीं हें डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाहून घेतात. त्यांची मानहि जमावाच्या टाळीइतकीच ऐकीव असते. मॅंचेस्टरच्या सज्जांतून खेळ पाहणाऱ्या साध्या कामकऱ्यानें स्कोल्सवर केलेलें प्रेम मात्र निराळें. त्यानें त्याच्या नांवाचें गाणें रचून म्हटलें, तें कोणाला हिणवण्यासाठीं नव्हे. दर आठवड्याला तोच मनुष्य तेंच काम तितक्याच नेटानें करतांना त्यानें डोळ्यांनीं पाहिला होता. लांबून टेलिव्हिजनवर पाहणाऱ्याला कॅमेरा चेंडूच्या मागें नेतो; पण सज्जांत बसलेल्याला चेंडू सोडून माणसाकडे पाहण्याची मुभा असते. ज्यानें स्कोल्सला प्रत्यक्ष पाहिलें त्याचें मत आणि ज्यानें त्याला पडद्यावर पाहिलें त्याचें मत ह्यांत अंतर पडलें असेल, तर त्याचें अर्धें कारण ह्या कॅमेऱ्यांत आहे.

दैवाची गंमत अशी कीं, निवृत्त झाल्यावर हाच मितभाषी मनुष्य टेलिव्हिजनवर समालोचक म्हणून बसला आणि रोखठोक बोलण्याबद्दल प्रसिद्ध झाला. वीस वर्षांत न उघडलेलें तोंड एकदम उघडलें आणि त्यांतून निघालेल्या वाक्यांच्या बातम्या होऊं लागल्या. २०१९ सालीं त्यानें ओल्डहॅमच्या संघाचें व्यवस्थापकपद घेतलें आणि ३१ दिवसांत सोडलें. त्याचीहि मोठी बातमी झाली. ७१८ सामन्यांतल्या हजारों बिनचूक चेंडूंना जें मिळालें नाहीं, तें एका महिन्याच्या अपयशाला सहज मिळालें.

मग अधिक लोकप्रियता मिळाली असती तर स्कोल्सचें काय भलें झालें असतें? मला वाटतें, कांहींच नाहीं. कदाचित् कांहीं बिघडलेंहि असतें. सगळ्यांचे डोळे ज्याच्यावर आहेत त्याला खांद्यावरून मागें पाहायला सवड मिळत नाहीं. तो समोरच्या डोळ्यांतच स्वतःला पाहूं लागतो. उजेडाबाहेर उभें राहिल्यामुळेंच त्याला सगळें मैदान दिसत होतें, असें म्हणण्यालाहि जागा आहे. म्हणून त्याच्याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं. हळहळ वाटावी ती दुसऱ्यांच्याच बाबतींत.

मुंबईंत ओव्हलवर, कोल्हापुरांत पेठापेठांच्या मैदानांवर, संध्याकाळीं पोरें फुटबॉल खेळतांना दिसतात. त्यांच्या अंगांत परदेशी संघांचे सदरे असतात, आणि पाठीवर कोणाचें ना कोणाचें नांव. सात नंबर पुष्कळांच्या पाठीवर असतो; दहा नंबर तर इतक्या पोरांच्या पाठीवर असतो कीं, एका मैदानावर तीन-तीन दहा नंबर एकमेकांवर धांवून जातात. जो तो गोल करूं पाहतो, जो तो फ्री किक घेऊं पाहतो, आणि चेंडू मधल्या जागेंत बेवारशी पडलेला असतो. लोकप्रियता ही गेलेल्या माणसाचें ऋण फेडण्यासाठीं नसतेच मुळीं. ती पुढें येणाऱ्यांना काय व्हावेंसें वाटावें हें ठरविते. आपण ज्याच्या नांवानें टाळ्या वाजवितों त्याच्यासारखीं आपलीं मुलें होऊं पाहतात. मैदानांतच असें होतें असें नाहीं. कचेरींत, शाळेंत, सभेंत, संस्थेंत, जेथें जेथें दहा माणसें मिळून एक काम करतात तेथें तेथें हेंच होतें. जो मधोमध उभा राहून दुसऱ्याच्या पुढें दोन पावलांवर चेंडू टाकतो, त्याच्याकडे आपण पाहत नाहीं; म्हणून त्याच्यासारखें व्हावें असें कोणाला वाटत नाहीं; आणि मग तसा मनुष्य मिळेनासा झाला म्हणजे आपणच आश्चर्य करीत बसतों.

युनायटेडमध्यें स्कोल्सच्या पाठीवर पुष्कळ वर्षें अठरा हा आंकडा होता. तो घातलेला एकहि मुलगा मला अजून कोणत्या मैदानावर दिसलेला नाहीं. दिसला तर मी त्याच्यासाठीं थोडा वेळ उभा राहीन, आणि चेंडू कोठें आहे तें न पाहतां त्याच्याकडे पाहीन.